नोव्हगोरोदसाठी एक दिवस काढावा का? काढा, पण नुसती चर्च बघायला जाऊ नका

तुमचा प्रश्न असा की सप्टेंबरमध्ये सेंट पीटर्सबर्गला जाताय, एक दिवस मोकळा आहे, कुणीतरी वेलिकी नोव्हगोरोद सुचवलंय, पण घरच्यांचं म्हणणं तिथं नुसती चर्च आणि एक नदी, त्यासाठी जाऊन-येऊन सहा तास कोण घालवणार. आणि "प्राचीन स्लाव्ह शहर" म्हणतात तर त्यात नक्की प्राचीन काय उरलंय. मी पंचवीसेक वर्षं रशियन दुभाषी म्हणून आणि मराठी ग्रुप घेऊन फिरणारी गाइड म्हणून काम करतेय, त्यामुळे हा प्रश्न मला नवीन नाही. उत्तर मात्र थोडक्यात जमणार नाही, हे गाव माझं जरा जास्तच लाडकं आहे.

आधी एक महत्त्वाचं. नोव्हगोरोद दोन आहेत. निझ्नी नोव्हगोरोद व्होल्गा नदीवर, मॉस्कोच्या पूर्वेला, मोठं औद्योगिक शहर, ते १२२१ चं. आपण बोलतोय ते वेलिकी, म्हणजे "थोरलं" नोव्हगोरोद, वोल्खोव नदीवरचं, पीटर्सबर्गपासून साधारण १९० किलोमीटर. सरकारी नावात "वेलिकी" हा शब्द १९९९ मध्ये आला, त्यामुळे जुन्या नकाशात नुसतं नोव्हगोरोद दिसेल. एका कुटुंबाने माझ्यासमोर ट्रेन इकडची आणि हॉटेल तिकडचं बुक केलेलं, म्हणून सांगतेय. गंमत म्हणजे नावाचा अर्थ "नवं शहर" आणि ते रशियातल्या सगळ्यात जुन्या शहरांपैकी एक. जुन्या बखरींत ८५९ साल येतं, पण आजच्या गावाखाली खणल्यावर सगळ्यात खालचे थर दहाव्या शतकातले निघतात. त्याआधीची वस्ती दोनेक किलोमीटर वरच्या अंगाला, र्‍यूरिकचं गोरोदिश्चे म्हणतात त्या टेकाडावर होती. म्हणजे ते जुनं आणि हे नवं, असा हिशोब असावा, असं बरेच जण मानतात.

आता नदी. इल्मेन नावाचं मोठं पण उथळ तळं आहे, पन्नासेक लहानमोठ्या नद्या त्यात येऊन पडतात आणि बाहेर पडते फक्त एक, ती वोल्खोव. तिथून उत्तरेला लादोगा सरोवर, पुढे नेवा नदी, पुढे बाल्टिक समुद्र. दक्षिणेला होड्या थोड्या जमिनीवरून ओढून नेल्या की नीपर नदी लागते, ती सरळ कीव्ह आणि काळा समुद्र, आणि पूर्वेला वळलात तर व्होल्गा. गाव या सगळ्याच्या नाक्यावर बसलंय, त्यामुळे श्रीमंत झालं नसतं तरच नवल. आणि या वोल्खोवची एक खोड आहे, तिला उतार इतका कमी की इल्मेनमध्ये पाणी कमी असताना खालच्या उपनद्यांना पूर आला तर ती उलटी वाहते. आपण उलटी गंगा नुसती म्हणीत वापरतो, इथे १०६३ साली नदी पाच दिवस उलटी वाहिली अशी बखरीत नोंदच आहे, आणि लोकांनी अर्थातच तो अपशकुन धरला.

नदीच्या एका काठाला सोफिया बाजू, तिथे किल्ला आणि मोठं कॅथेड्रल, दुसऱ्या काठाला बाजाराची बाजू, मध्ये पूल. गावाचे पाच भाग होते, त्यांना "कोनेत्स" म्हणायचे, म्हणजे आपल्या पेठाच समजा, प्रत्येक पेठेचा आपला कारभार, आपला पुढारी, आणि पेठापेठांत भांडणं. भांडण वाढलं की दोन्ही काठांचे लोक पुलावर येऊन हाणामारी करायचे. त्याला एक कथा जोडलेली आहे, ख्रिस्ती धर्म आला तेव्हा जुन्या पेरुन देवाची मूर्ती नदीत ढकलली, ती पुलाखालून वाहत जाताना देवाने आपला सोटा वर पुलावर फेकला आणि म्हणाला घ्या, आता याने एकमेकांना बडवा. पेरुन हा विजेचा आणि गडगडाटाचा देव, आपल्या इंद्रासारखं खातं सांभाळणारा.

बरं, आता मुद्द्याचं. हे गाव बघायला जायचं कारण जमिनीवर कमी आहे आणि जमिनीखाली जास्त. इथली माती ओली, चिकट, पाणी न झिरपणारी. त्यात हवा शिरत नाही म्हणून लाकूड, चामडं, झाडाची साल, जे आपल्याकडे दोन पावसाळ्यांत कुजून जाईल, ते हजार वर्षं जसंच्या तसं राहतं. गावात कायम चिखल, म्हणून रस्त्यावर लाकडी ओंडके अंथरायचे, ते रुतले की त्यावर नवे, परत रुतले की परत नवे. वेलिकाया रस्त्यावर असे २८ थर निघाले, एकावर एक, ९५३ सालापासून १४६२ पर्यंतचे. साल इतकं नेमकं कसं कळलं तर झाड दरवर्षी वाढताना खोडात पडतात त्या वर्तुळांवरून, पुरातत्त्वज्ञ बोरिस कोल्चिन यांनी इथे ती मोजणी बसवली. त्यामुळे इथे खणताना कुठला थर कोणत्या वर्षांच्या आसपासचा हे कळतं, आणि एखादा चामड्याचा बूट हातात आला तर तो कोणत्या पिढीतल्या माणसाने घातला असेल हेसुद्धा सांगता येतं. काही ठिकाणी हा माणसांच्या वस्तीचा थर सात-आठ मीटर जाड आहे.

त्या चिखलात २६ जुलै १९५१ ला नीना अकुलोव्हा नावाच्या, खोदकामावर कामाला असलेल्या स्थानिक बाईला बर्च झाडाच्या सालीची एक गुंडाळी सापडली. मासे धरणारे जाळ्याला असली गुंडाळी बांधतात, टाकून दिली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. तिला त्यावर ओरखडे दिसले. मोहिमेचे प्रमुख आर्त्सिखोव्स्की आले, त्यांना म्हणे आधी तोंडातून शब्दच फुटेना आणि मग १०० रूबल बक्षीस जाहीर केलं, कारण या गोष्टीची ते वीस वर्षं वाट बघत होते. ते ओरखडे म्हणजे अक्षरं होती. आज एकट्या या गावातून अशी ११०० हून जास्त पत्रं निघालीयत आणि दर उन्हाळ्यात अजून निघतायत.

आपल्याला ही गोष्ट पटकन कळते कारण आपल्याकडे भूर्जपत्र आहे. रशियनमध्ये बर्चला बेर्योज़ा म्हणतात आणि संस्कृत भूर्ज, ही दोन्ही एकाच मुळातली सख्खी भावंडं, हे मी ग्रुपला सांगते तेव्हा बसमधले झोपलेले लोकपण उठतात. फरक एवढाच की आपल्याकडे भूर्जपत्रावर शाईने मुख्यतः पोथ्या लिहिल्या, आणि इथे लोखंडाच्या नाहीतर हाडाच्या टोकदार काडीने सालीच्या आतल्या मऊ बाजूवर ओरखडून चिठ्ठ्या लिहायचे. शाई नाही म्हणून पाण्यात धुतलं गेलं नाही. आणि या पोथ्या नाहीतच, हा सगळा रोजच्या व्यवहाराचा कचरा आहे. वाचलं आणि रस्त्यात टाकलं. कुणी किती देणं लागतो, मासे पाठव, घोडा कुठे आहे, अमक्याने मला चोर म्हटलं त्याचं काय करू, बायकोचा नवऱ्याला निरोप, शेतकऱ्यांची मालकाकडे तक्रार. बायकांनी पाठवलेली आणि बायकांना आलेली पत्रंसुद्धा भरपूर आहेत, आणि अकराव्या-बाराव्या शतकाच्या मानाने ही गोष्ट साधी नाही.

दोन-तीन सांगतेच, त्याशिवाय राहवणार नाही.

एक, मिकिताचं. तेराव्या शतकाच्या शेवटचं. मजकूर साधारण असा, मिकिताकडून उल्यानित्साला, माझ्याशी लग्न कर, मला तू हवीस आणि तुला मी, आणि याला साक्षीदार इग्नात मोइसेयेव. संपलं. प्रेमपत्रात साक्षीदाराचं नाव घालणारा माणूस मला फार आवडतो, आपल्याकडच्या बैठकीत शोभला असता.

दुसरं त्याच्या बरोबर उलट, त्याच्याहून दोनेकशे वर्षं जुनं, एका मुलीचं. मी तुला तीनदा निरोप धाडला, या आठवड्यात तू आला का नाहीस, माझ्यावर कसला राग आहे, मी तुला भावासारखं वागवलं, माझं निरोप पाठवणंच तुला खटकलं का. पुढे म्हणते, अजाणतेपणी दुखावलं असेन आणि त्यावर तू माझी थट्टा करणार असशील तर देव तुझा न्याय करील. हे पत्र फाडून, त्याच्या पट्ट्यांना गाठ मारून फेकून दिलेलं सापडलं. गाठ त्या मुलानेच मारली असणार, दुसरं कोण मारेल. १९९३ मध्ये ती गाठ सोडवली तेव्हा आतला मजकूर बाहेर आला.

आणि तिसरा ओन्फिम. हा सहा-सात वर्षांचा पोरगा, तेराव्या शतकाच्या मध्यातला, म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्या एक पिढी आधीचा. त्याच्या अभ्यासाच्या डझनभर साली एकत्र सापडल्या, १९५६ मध्ये. आधी सगळी अक्षरं ओळीने, मग बा वा गा दा, मग बे वे गे दे, म्हणजे चक्क बाराखडी! आणि बाराखडीचा कंटाळा आल्यावर काय केलं तर उरलेल्या जागेत चित्रं. एकावर लांब मानेचा, वळलेल्या शेपटीचा प्राणी आणि बाजूला लिहिलंय "मी जनावर आहे", आणि त्याच्याच बरोबर "ओन्फिमचा दानिलाला नमस्कार". दानिला बहुतेक शेजारी बसणारा दोस्त. दुसऱ्यावर घोड्यावर बसलेला वीर, खाली पडलेल्या शत्रूला भाला मारतोय, आणि वर वीराचं नाव म्हणून स्वतःचंच नाव लिहिलंय. माणसांच्या हातांना बोटं कधी तीन कधी पाच, दाताळ्यासारखी. माझ्या ग्रुपमधल्या शाळामास्तरीणबाई याच्या प्रतिकृतीपुढे अर्धा तास उभ्या होत्या, बाकीचे जेवायला गेले तरी.

भाषेची एक गोष्ट सांगते, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. अकराव्या शतकातल्या एका पत्रात "केले" असा शब्द होता आणि अभ्यासकांनी तो मठातल्या खोल्यांशी जोडून काहीतरी अर्थ लावला होता. भाषातज्ज्ञ आंद्रेय झालिझ्न्याक यांनी दाखवलं की अहो हे "त्सेले" आहे, म्हणजे शाबूत, कुलूप शाबूत आहे आणि दारं शाबूत आहेत एवढंच त्यात म्हटलंय, फक्त नोव्हगोरोदचे लोक त्या ठिकाणी त्स न म्हणता जुना क-च म्हणत होते. इतर सगळ्या स्लाव्ह भाषांत तो क बदलला, इथे राहिला. यावरून त्यांनी अख्खी जुनी नोव्हगोरोदी बोली उभी केली. तोवर पत्रांत व्याकरणाच्या चुका आहेत, खेडवळ लोक आहेत, असं म्हणायची पद्धत होती. शुद्ध-अशुद्धवरून आपल्याकडे जी डोकेफोड चालते ती आठवली ना.

खोदकामात पत्रांशिवायही बरंच निघतं. ट्रोइत्स्की नावाचं खोदकाम १९७३ पासून चालू आहे, तिथेच २००० साली लिंडन झाडाच्या लाकडी पाट्यांची मेण भरलेली छोटी वही सापडली, त्यात बायबलमधली स्तोत्रं, अकराव्या शतकाच्या सुरुवातीची. रशियात सापडलेलं हे सगळ्यात जुनं पुस्तक धरतात. मोडलेली तंतुवाद्यंही निघतात, गुस्ली म्हणतात त्याला, मांडीवर घेऊन छेडायचं. व्लादिमिर पोवेत्किन यांनी ती परत बनवून वाजती केली. आणि कॉकेशसच्या लाकडाच्या फण्या, बाल्टिकचा अंबर.

श्रीमंतीचं सांगायचं तर इथून बाहेर जायचं मेण आणि कातडी, त्यात मुख्य खारीची, गठ्ठ्यांनी. आत यायची चांदी, कापड, मीठ. जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघाची इथे स्वतःची वखार होती, संत पीटरच्या नावाची. कारभाराला राजा होता पण नावाला. ११३६ मध्ये लोकांनी राजाला कुटुंबासकट धरून ठेवलं आणि मग हाकलून दिलं, त्यानंतर राजा म्हणजे बाहेरून आणलेला सेनापती, करार करायचा, नाही पटलं तर "चालते व्हा". वेचे नावाची सभा घंटा वाजवून बोलवायची. मंगोल १२३८ मध्ये शंभरेक किलोमीटरवर येऊन परत फिरले, गाव वाचलं. इथल्या गाइड लोकशाही लोकशाही म्हणून फार गोडवे गातात, तेवढं मनावर घेऊ नका. व्हालेन्तिन यानिन यांनी आयुष्यभर याच शहराचा अभ्यास करून दाखवलंय की पदं बहुतेक त्याच त्या बोयार, म्हणजे बड्या जमीनदार सरदारांच्या, घराण्यांत फिरायची. तरीपण आजूबाजूला काय चाललं होतं ते बघता हे वेगळंच होतं.

मग मॉस्को मोठी झाली. १४७१ मध्ये शेलोन नदीवर नोव्हगोरोदची फौज हरली, १४७८ मध्ये इव्हान तिसऱ्याने गाव ताब्यात घेतलं आणि सभेची घंटा उतरवून मॉस्कोला नेली. लोककथा म्हणते की घंटेला मॉस्कोत जायचं नव्हतं, वाल्दायच्या उतारावर ती पडून फुटली आणि तिच्या तुकड्यांच्या छोट्या घंट्या झाल्या. वाल्दायच्या घंट्या आजही प्रसिद्ध आहेत, आठवण म्हणून घ्यायला बऱ्या. आपल्या लोकांना ही तारीख लक्षात राहावी म्हणून मी एक सांगते, त्याच सुमारास त्व्हेर या दुसऱ्या नदीकाठच्या गावचा व्यापारी अफानासी निकितिन आपल्याकडे होता. चौलला उतरला, पावसाळा जुन्नरला काढला, तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर देतो म्हणाला. रेवदंड्याला त्याचा स्तंभ आहे. हा इकडे घोड्यासाठी रडतोय आणि तिकडे शेलोनची लढाई.

त्यानंतर १४९४ मध्ये जर्मनांची वखार बंद झाली, आणि १५७० मध्ये इव्हान चौथा, तोच तो भयंकर, फितुरीच्या संशयावरून सैन्य घेऊन आला आणि कित्येक आठवडे कत्तल चालली, लोकांना पुलावरून बर्फाळ वोल्खोवमध्ये ढकललं. सोफिया कॅथेड्रलच्या घुमटावरच्या क्रूसावर एक धातूचं कबूतर आहे, ते वरून हे सगळं बघून भीतीने गोठलं अशी आख्यायिका. हे कबूतर नक्की बघा, कारण त्याची गोष्ट पुढेही आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे जर्मनांच्या बाजूने लढणारी स्पॅनिश तुकडी होती, तिने तो क्रूस स्पेनला नेला, तो २००४ मध्ये परत आला. आता वर नवीन आहे आणि जुना आत ठेवलाय.

युद्धाने गावाचं जे केलं ते इव्हाननेही केलं नव्हतं. ऑगस्ट १९४१ ते जानेवारी १९४४ गाव जर्मनांच्या ताब्यात, समोर रशियन फौज, मध्ये नदी. सुटका झाली तेव्हा दोन हजारांवर घरांपैकी धड उभी अशी चाळीसच्या आसपास. नेरेदित्साचं चर्च, ११९८ चं, आत भिंतभर चित्रं, त्याचा ढिगारा झाला. कोवाल्योवोचाही तसाच. १९६५ पासून अलेक्सांद्र आणि व्हालेन्तिना ग्रेकोव या नवरा-बायकोने त्या ढिगाऱ्यातून भित्तिचित्रांचे लाखो तुकडे, काही नखाएवढे, गोळा करून जुळवायला घेतले, आयुष्य त्यात घातलं. तेव्हा तुम्ही जे "जुनं" चर्च बघता त्यातलं किती जुनं आणि किती १९५० नंतरचं, हे विचारायला लाजू नका, गाइडला राग येत नाही. तिथले लोक हे लपवत नाहीत.

म्हणजे चर्च बघायचीच नाहीत असं नाही. तीन बघा. सोफिया कॅथेड्रल, १०४५ ते १०५०, त्याचे ब्राँझचे दरवाजे बाराव्या शतकात जर्मनीत माग्देबुर्गला ओतलेले, आणि आत भिंतींवर त्या काळच्या भाविकांनी खरडलेली शेकडो वाक्यं. आपल्याकडे किल्ल्यांवर बदाम कोरणाऱ्यांना शिव्या देतो, इथे तेच खरडलेलं आता संशोधनाचं साहित्य झालंय. दुसरं, बाजाराच्या बाजूला इल्यिन रस्त्यावरचं १३७४ चं चर्च, त्यात १३७८ मध्ये ग्रीक फेओफान याने रंगवलेली चित्रं, फक्त गेरू आणि पांढरा, आणि घुमटातला ख्रिस्त असा खाली बघतो की माणूस आवाज कमी करतो. तिसरं, गावाबाहेर युर्येव मठ, १११९ चं कॅथेड्रल, तिथून चालत पेरिनला जा, जिथे नदी तळ्यातून सुटते. पेरुनचं जुनं ठाणं तिथे होतं असं धरतात, आता तिथे पाइनच्या झाडांत खेळण्याएवढं चर्च आहे. किल्ल्यात १८६२ चं रशियाच्या हजार वर्षांचं स्मारक आहे, शंभराहून जास्त पुतळे आणि त्यात भयंकर इव्हानला जागा नाही, १५७० नंतर या गावात कसा बसवणार त्याला.

व्यवहाराचं. पीटर्सबर्गच्या मॉस्कोव्स्की स्टेशनवरून लास्तोच्का ट्रेन, साधारण तीन तास, सकाळची पकडा, गाड्या कमी असतात म्हणून परतीचं तिकीट आधीच काढा. तुमची भारतातली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत, रोख ठेवा. आधी किल्ल्यातलं संग्रहालय, तिथे भूर्जपत्रांचं दालन, मग पूल ओलांडून बाजाराची बाजू, आणि दुपारनंतर बसने युर्येव. संग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद असतं आणि अधूनमधून सफाईलाही बंद ठेवतात, निघण्याआधी खात्री करा, मी एकदा अठरा माणसं घेऊन बंद दारासमोर उभी राहिलेय. सप्टेंबर म्हणजे खोदकामाचा हंगाम जवळपास संपलेला असेल, पण ट्रोइत्स्कीचा खड्डा वरून बघायला मिळाला तर बघा, काळा चिखल आणि त्यातून डोकावणारी लाकडं, एवढंच दिसतं. आणि हो, मुलांना बरोबर नेत असाल तर ओन्फिमच्या जनावराचं चित्र छापलेली वस्तू दुकानात मिळते, तेवढी घ्या, चुंबकं नकोत.